घरच्या मोबाइलवर घरचा हिशेब



दसरा-दिवाळीच्या सुमारास नंदुरबारच्या बाजार समितीकडे ओल्या लाल मिरचीच्या गाड्या येऊ लागतात. व्यापारी ती मिरची घेऊन शहराभोवतीच्या पथारींवर वाळत घालतात आणि थंडीत सारे रान लाल सतरंजी अंथरल्यासारखे दिसते. हे दृश्य तुम्हांआम्हांला नवे नाही. त्याच दिवसांत शेतकऱ्याच्या घरी रात्री जेवणे आटोपल्यावर जो प्रश्न निघतो, तोही नवा नाही. मिरची ओलीच द्यावी, की घरी वाळवून द्यावी?

मी कृषी विस्ताराच्या कामात आयुष्य घालविले. हा प्रश्न मला बांधावर विचारतात, लग्नाच्या मांडवात विचारतात, एस.टी.तही विचारतात. बहुतेक घरांत त्याचे उत्तर ठरलेले असते : चार किलो ओल्या मिरचीची एक किलो सुकी. या एका वाक्यावर वर्षाचा सौदा ठरतो. वाक्य खोटे नाही. पण ते सगळ्या रानांचे आणि सगळ्या तोड्यांचे सरासरी वाक्य आहे. तुमच्या रानाचे ते असेलच असे नाही.

आज मला तुम्हांला सांगायचे आहे ते हे की, तुमच्या रानाचा हिशेब तुम्हांलाच मांडता यावा असे यंत्र तुमच्या घरात आधीच आले आहे. ते देवळीत चार्जिंगला लावलेले असते आणि आपण त्याला फोन म्हणतो.

शहादे तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरी गेल्या काही वर्षांत माझे जाणे-येणे आहे. आजोबा, वडील, आई, कॉलेजात जाणारा मुलगा आणि अकरावीतली मुलगी असे घर. मिरची एकरभर. मुलीला संगणक शिकण्याची मोठी हौस. पण लॅपटॉप म्हणजे तीस-चाळीस हजारांची गोष्ट. वडिलांनी शब्द दिला होता, "मिरचीचे पैसे आले की बघू, बेटा." आता मिरचीचे पैसे आले की काय काय बघायचे असते, हे तुम्हांला मी सांगायला नको. सोसायटीचे कर्ज, दुकानदाराची उधारी, आजोबांचे डोळ्याचे ऑपरेशन. लॅपटॉपचा क्रमांक त्यात कितवा लागणार?

एका संध्याकाळी तिने मला विचारले, "काका, लॅपटॉप नसेल तर प्रोग्रॅम लिहिणे शिकताच येत नाही ना?"

मी म्हटले, "तुझ्या बाबांच्या खिशात काय आहे ते आण बरे."

थोडे थांबून एक गोष्ट सांगतो. मुंबईला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या शास्त्रज्ञांनी १९६० साली एक संगणक उभा केला. पुढे १९६२ साली त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. तो चालविण्यासाठी मोठी खोली लागे. त्याची स्मृती होती फक्त २,०४८ शब्दांची. शब्द म्हणजे येथे चाळीस खुणांची एक ओळ समजा. आज अनेक साध्या मोबाइलमध्येही चार जीबी स्मृती असते. हिशेब केला तर ती टिफ्रॅकच्या स्मृतीच्या चार लाख पटींहून अधिक भरते. त्या एका यंत्रावर त्या काळी देशातल्या मोठमोठ्या संशोधकांची गणिते सुटली. आपण त्याच्या लाखो पटीचे यंत्र खिशात ठेवतो आणि त्यावर लग्नाचे व्हिडिओ पाहतो! पाहावेत, माझी ना नाही. पण बैलाला नुसते गोठ्यात बांधून ठेवण्यासारखे ते झाले.

या बैलाला जुंपायचे तर त्याला कळेल अशी भाषा लागते. अशा भाषा पुष्कळ आहेत. त्यांपैकी 'पायथन' ही शिकायला सोपी आणि फुकट मिळणारी. नेदरलँड्समधील गिदो व्हान रोसम या गृहस्थाने १९८९ च्या नाताळच्या सुटीत ती लिहावयास घेतली आणि १९९१ साली लोकांसाठी खुली केली. नावावरून अजगर आठवतो, पण त्याचा संबंध नाही. इंग्लंडमध्ये 'मॉन्टी पायथन' नावाचा दूरदर्शनवरचा विनोदी कार्यक्रम होता, त्यावरून हे नाव पडले. आज हवामानाचे अंदाज, बँकांचे काम, उपग्रहाच्या चित्रांवरून पिकांची पाहणी अशा सगळीकडे ही भाषा वापरतात. ज्या भाषेत मोठ्या संस्था काम करतात तीच भाषा, जशीच्या तशी, शहाद्याच्या खेड्यातल्या मोबाइलवर चालते. लहानांसाठी वेगळी आणि मोठ्यांसाठी वेगळी, असा भेद तिच्यात नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हांला आवडेल. २००८ साली या भाषेची तिसरी आवृत्ती निघाली. तेव्हापासून हिशेबातल्या वस्तूंना आपण मराठी नावे देऊ शकतो. हुकुमाचे मोजके शब्द इंग्रजीतच लिहावे लागतात, पण 'खर्च', 'भाव', 'घट' हे शब्द मराठीत लिहिलेले यंत्राला चालतात.

मग त्या संध्याकाळी आम्ही काय केले, ते ऐका. वडिलांच्या अँड्रॉइड मोबाइलवर 'पायड्रॉइड' नावाचे ॲप प्ले स्टोअरमधून उतरवून घेतले. त्याला अडीच-तीनशे एमबी जागा मोकळी लागते. त्यासाठी आजोबांच्या नात्यातले सकाळचे शुभेच्छासंदेश काढून टाकले, तेवढ्याने पुष्कळ जागा झाली! उतरवून घेताना इंटरनेट लागले. त्यानंतर साधे हिशेब चालवायला इंटरनेटची गरज नाही. हे मुद्दाम सांगतो. सपाटीवरच्या गावांत रेंज असते. पण धडगाव-अक्कलकुव्याकडे अजूनही कित्येक पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते. तेथल्या मुलामुलींनी तालुक्याच्या गावी आल्यावर एकदा ॲप उतरवून घेतले की पाड्यावर बसून शिकता येते.

त्यानंतर त्या मुलीने घरचाच प्रश्न यंत्रापुढे मांडला. उदाहरण म्हणून आकडे असे धरले : दहा क्विंटल ओली मिरची, ओलीचा भाव किलोला ४० रुपये, वाळविण्याची मजुरी, ताडपत्री आणि राखण मिळून खर्च ६,००० रुपये. वाळविल्यावर पांढरी पडलेली, डागाळलेली, तुटलेली मिरची बाजूला काढावी लागते, ती घट शेकडा ८. आता ओल्याची सुकी किती? येथे तिची आई मध्येच म्हणाली, "साहेब, चाराला एक असे सगळे म्हणतात. पण आमची मिरची झाडावरच चांगली पिकू देतो आम्ही. ती हलकी येते हाताला." बाईमाणसाच्या हाताला वजन बरोबर कळते. मी म्हटले, ताई, मग मोजूनच पाहू. पहिल्या तोड्याची एक किलो मिरची वेगळी काढली, विकण्याजोगी खडखडीत वाळविली आणि किराणा दुकानातल्या काट्यावर तोलली. भरली २८० ग्रॅम.

मुलीने लिहिलेली आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, अशी होती :

ओले = १०००
ओला_भाव = ४०
खर्च = ६०००
घट = ८
नमुना = २८०
सुके = ओले * नमुना / १०००
विक्रीचे = सुके * (१०० - घट) / १००
किमान_भाव = (ओले * ओला_भाव + खर्च) / विक्रीचे
प्रिंट(किमान_भाव)

चांदणी म्हणजे गुणाकार, तिरपी रेघ म्हणजे भागाकार. शेवटच्या ओळीतला 'प्रिंट' हा हुकूम म्हणजे 'उत्तर दाखव'. तो शब्द आणि सगळे आकडे मोबाइलवर इंग्रजीत टंकावयाचे. येथे वाचायला सोपे जावे म्हणून मराठीत छापले आहेत. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडता येत नाही, म्हणून खाली छोटी रेघ दिली आहे.

बटण दाबले. उत्तर आले, १७८ रुपये ५७ पैसे. म्हणजे सुक्या मिरचीला किलोमागे १७९ रुपयांच्या वर भाव मिळत असेल तरच वाळविण्यात अर्थ. मग तिने 'नमुना' या ओळीत २८० च्या जागी २५० घातले, म्हणजे 'चाराला एक' हा नेहमीचा नियम. उत्तर आले, २००. आणि ३०० घातल्यावर आले, १६७.

सगळे घर गप्प झाले. का, ते पाहा. समजा सुक्या मिरचीचा भाव १९० आहे. 'चाराला एक' या नियमाने हिशेब केला तर वाळविल्यावर हाती ३७,७०० रुपये राहतात, म्हणजे ओली विकण्यापेक्षा २,३०० रुपये कमी. घरातला शहाणा माणूस म्हणेल, ओलीच देऊन टाका. पण त्यांच्या रानाच्या २८० ग्रॅमने हिशेब केला तर हाती ४२,९४४ रुपये राहतात, म्हणजे जवळजवळ तीन हजार जास्त. भाव तोच, मिरची तीच. फरक पडला किलोमागे ३० ग्रॅमचा. आईच्या हाताला जे कळत होते ते यंत्राने आकड्यांत दाखविले, एवढेच.

तुम्ही म्हणाल, साहेब, हे तर साध्या कॅल्क्युलेटरवरही होते. खरे आहे. पण कॅल्क्युलेटर उत्तर देतो आणि विसरतो. कोणता आकडा कशाला गुणला, हे दुसऱ्या दिवशी कोणालाच आठवत नाही. आज्ञावलीत हिशेबाची रीत कागदावर लिहिल्यासारखी समोर राहते. आजोबांनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाले, "यात बाजारात न्यायचे गाडीभाडे कुठे आहे?" बरोबर बोलले! ओली मिरची तीन फेऱ्यांत जाते, सुकी एका फेरीत. मुलीने एक ओळ वाढविली. ज्याने कधी संगणकाला हात लावला नाही त्या म्हाताऱ्या माणसाने संगणकाचा हिशेब सुधारला. मला वाटते, सगळ्या गोष्टीचे सार यात आहे. दुसऱ्याने बनविलेल्या ॲपमध्ये आकडा घालतो तेव्हा आतली रीत आपल्याला दिसत नाही. आपण लिहिलेला हिशेब घरातला प्रत्येक जण वाचू शकतो, त्यावर भांडू शकतो.

त्या घराने पुढे पहिले दोन तोडे ओलेच विकले, कारण हाती पैसा हवा होता. नंतरचे तोडे वाळविले. तो निर्णय त्यांचा होता, यंत्राचा नव्हे. यंत्राने फक्त समोरच्या वाटा मोजून दाखविल्या.

असे हिशेब घरात किती तरी निघतात. युरियाचेच घ्या. साध्या युरियात शेकडा ४६ नत्र असते. माती परीक्षणाच्या पत्रिकेवरून एकराला ४० किलो नत्र द्यायचे ठरले, तर ४० ला ०.४६ ने भागावे लागते, म्हणजे ८७ किलो युरिया झाला. युरियाचे पोते पूर्वी ५० किलोचे होते, २०१८ पासून ते ४५ किलोचे झाले. 'एकराला दोन पोती' असे पाठ केलेल्यांचा हिशेब त्या वर्षी नकळत बदलला. रीत लिहून ठेवलेली असली की पोत्याचे वजन बदलले तरी एकच आकडा बदलावा लागतो. तीच गोष्ट गुंठ्यांवरून बियाण्याची, ठिबकच्या पाण्याची आणि दूध डेअरीच्या पंधरवड्याच्या हिशेबाची.

आता कोणते साधन कोणाला, तेही सांगतो. अँड्रॉइड मोबाइल किंवा टॅब्लेट असेल तर वर सांगितलेले 'पायड्रॉइड' पुरे. थोडे पुढे गेलेल्यांसाठी 'टर्मक्स' आहे. ॲपलचा आयपॅड घरी असेल तर त्यावर 'पायथोनिस्टा' नावाचे विकतचे ॲप चालते. हलका किंवा जुना लॅपटॉप मिळाला तर एस्टोनिया देशातील तार्तू विद्यापीठात शिकाऊ विद्यार्थ्यांसाठी तयार झालेले 'थॉनी' फुकट घ्यावे. गूगलचे 'कोलॅब' हे याहून वेगळे. त्यात तुम्ही मोबाइलवर लिहिता, पण हिशेब गूगलच्या दूरच्या यंत्रावर होतो. मोठ्या कामाला ते उत्तम, मात्र रेंज गेली की काम थांबले. पायड्रॉइड म्हणजे घरची चूल आणि कोलॅब म्हणजे खानावळ, असे समजा. खानावळीत चार पदार्थ जास्त मिळतात, पण ती आपल्या वेळेला उघडी असायला हवी.

शिकवायला कोण, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आपल्याच महाराष्ट्रात पवईच्या आय.आय.टी. मुंबईमध्ये प्रा. कन्नन मौद्गल्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्पोकन ट्यूटोरियल' हा उपक्रम उभा केला. केंद्र सरकारच्या मदतीने तो सुरू झाला. दहा-दहा मिनिटांचे पाठ, आणि कित्येक पाठ मराठीतूनही. शिक्षक जवळ नसतानाही शिकता यावे अशी त्यांची मांडणी आहे : पाठ ऐकायचा, थांबवायचा, तसेच आपल्या यंत्रावर करून पाहायचे, मग पुढे जायचे. त्याच संस्थेत 'फॉसी' नावाचा फुकट सॉफ्टवेअरचा प्रसार करणारा प्रकल्प आहे. पायथन हा त्याच्या मुख्य कामांपैकी एक. सुमारे दहा हजार रुपयांच्या हलक्या लॅपटॉपवर ही सगळी सॉफ्टवेअरे चालावीत म्हणूनही तेथील मंडळींनी खटपट केली. भारी यंत्राशिवाय विद्या अडू नये, हा विचार काही माझा एकट्याचा नाही.

दोन-चार सावधगिरीच्या गोष्टी. पहिली, यंत्र हिशेब चुकत नाही, पण चुकीचा आकडा दिला तर चुकीचेच उत्तर बिनचूक देते. पेराल तसे उगवेल. म्हणून नवी आज्ञावली एकदा हाताने हिशेब करून पडताळावी. दुसरी, औषध फवारणीचे प्रमाण बाटलीवरच्या लेबलावरचेच धरावे. यंत्राला फक्त पंपाचा हिशेब विचारावा, औषध किती कडक करावे हे विचारू नये. तिसरी, अनोळखी माणसाने पाठविलेली आज्ञावली न वाचता चालवू नये. ज्या मोबाइलवर बँकेचे व्यवहार आहेत त्यावर तर मुळीच नाही. चौथी, लिहिलेले जतन करावे आणि त्याची एक प्रत वहीत उतरवावी. मोबाइल पाण्यात पडतो, वही सहसा पडत नाही.

अडचणीही आहेत. पायथनमध्ये काही ओळी थोड्या आत सरकवून लिहाव्या लागतात. मुख्य सरीतून पोटसरी काढावी तशा. मोबाइलच्या लहान पडद्यावर त्या सरळ रेषेत आल्या नाहीत तर यंत्र रुसते. बोटे मोठी, अक्षरे लहान. त्यासाठी काही शे रुपयांत वायरचा कीबोर्ड आणि मोबाइलला जोडणारी छोटी ओ.टी.जी. पिन मिळते. तेवढे घेतले की मोबाइलचा निम्मा संगणक झाला. पुढे नोकरीसाठी, मोठ्या कामासाठी लॅपटॉप लागेलच. पण पाच-सहा महिने मोबाइलवर हात बसलेली मुलगी लॅपटॉपची वाट पाहत बसलेल्या मुलीच्या किती तरी पुढे असते.

आणि खरी अडचण पडद्याची नाहीच. मी घरोघरी पाहतो, मुलाच्या हाती त्याचा स्वतःचा फोन असतो. मुलीला वडिलांचा मिळतो, तोही रात्री, तोही "लवकर दे" असे बजावून. फोन मुलीच्या हाती दिला तर ती बिघडेल, असे अजूनही कानावर येते. त्या शहाद्याच्या घरी वडील हेच म्हणत असत. मिरचीचा हिशेब झाला त्या रात्री त्यांनी फोन तिच्या हातातून मागून घेतला नाही. चार्जर तिच्याजवळ ठेवला आणि म्हणाले, "सकाळी मला गाडीभाड्याचे सांग." मला त्या वेळी फार बरे वाटले.

आपल्या जिल्ह्याचे नाव देशाच्या इतिहासात एका खास कारणाने नोंदले गेले आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक आपल्या टेंभली गावात देण्यात आले. त्यासाठी यंत्राने आपल्या माणसांची बोटे वाचली. ते आवश्यकच होते. आता त्याच बोटांनी यंत्राला हुकूम द्यायला शिकावे, एवढेच माझे मागणे आहे.

तेव्हा या आठवड्यात दोन कामे करा. पुढच्या तोड्याची एक किलो मिरची वेगळी काढून वाळत घाला आणि तिचे वजन वहीत लिहा. मिरची नसेल तर भुईमूग घ्या, मका घ्या. दुसरे काम, घरातल्या लेकीला रोज एक तास फोन तिचा म्हणून द्या, आणि वहीतला तो आकडा तिच्याजवळ द्या. पुढचे ती करील.